गालांचे आकडे

१२ ऑक्टोबर २०२२, बुधवार, सकाळी पाच वाजून दहा मिनिटे. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत, मोरीच्या कट्ट्याला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बाबाने श्वास मोजण्याच्या मीटरमध्ये फुंकर मारली आणि लाल काटा सहाशे दहावर जाऊन थांबला. माझ्या वहीतली ही पहिली नोंद.

मीटर अगदी साधे असते. वीतभर प्लॅस्टिकची नळी, तिच्या अंगावर आकड्यांची पट्टी आणि पट्टीवर सरकणारा काटा. छाती भरून घ्यायची, नळीवर ओठ घट्ट मिटायचे आणि एकदाच, होईल तितक्या जोरात, हवा बाहेर टाकायची. त्या फुंकरीच्या सर्वांत वेगवान क्षणी हवा मिनिटाला किती लिटर या दराने बाहेर पडली, ते काटा दाखवतो. बाबाचे वय आणि उंची पाहता पाचशेच्या जवळपास काही आले तरी मी समाधान मानणार होते.

"किती झाला?" त्याने विचारले.

"सहाशे दहा."

"पास का नापास?"

"डिस्टिंक्शन."

"मंग च्या टाक, डिस्टिंक्शनची. बस सुटंल माझी."

आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत. इथेही मी करणार नाही.

हे लिहायला बसण्याचे कारण एक पत्र आहे. बाबा गेल्यानंतर आम्ही कारखान्याकडे अर्ज केला होता. त्याचा आजार कामामुळे झाला, अशी नोंद करावी, इतकीच त्यात मागणी होती. उत्तर दीड पानांचे आले. त्यातले दोन मुद्दे महत्त्वाचे. पहिला: गेल्या पाच वर्षांतील चार वार्षिक तपासण्यांत सदर कामगाराची श्वसनक्षमता उत्कृष्ट नोंदवली गेली आहे. दुसरा: सदर कामगारास तारपा हे फुंकवाद्य वाजवण्याचा व ताडीचा शौक होता, आणि त्याच्या फुप्फुसांची हानी या वैयक्तिक सवयींमुळे झाली असण्याची शक्यता आहे.

थोडक्यात, माझा बाप मौज करून मेला. ही मांडणी मी स्वीकारत नाही, आणि का स्वीकारत नाही ते क्रमाने सांगणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

बाबा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रायरवर होता. ओला रंग ड्रायरमध्ये वाळतो, त्याची पूड होते आणि ती पूड फावड्याने ओढून पिंपांत भरावी लागते. हे काम त्याने बावीस वर्षे केले. त्यातली पहिली बरीच वर्षे तोंडाला नुसता रुमाल होता. पूड पिवळी होती. बाबाची उशी पिवळी, कानांच्या पाळ्यांमागची घडी पिवळी, घाम पुसलेला पंचा पिवळा. आई म्हणायची, "लोकांच्या नवऱ्यांना येकदाच हळद लागते." त्यावर तो म्हणायचा, "माझी अजून उतरली नाय, म्हंजे लगीन चालूच हाय. जेवन वाढ."

आमचे घर मासवणजवळच्या एका पाड्यावर. दोन तुकडे भाताचे, उतारावर थोडी नागली, वरई. शेत आई सांभाळायची. मी पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि आठवडाभर बाबाबरोबर बोईसरच्या खोलीवर राहायचे. शनिवारी दुपारी त्याची शिफ्ट सुटली की मोटारसायकलवर दोघे पाड्याला. लावणीच्या दिवसांत फर्स्ट शिफ्ट करून, बसमध्ये झोप काढून, तो दुपारी चिखलात उतरायचा. कष्टाबद्दल त्याला कधी बोलावेसे वाटले नाही. गंमतीबद्दल मात्र तो तासभर बोलू शकायचा. ड्रायरला त्याने आईच्या थोरल्या भावाचे नाव दिले होते, कारण दोघेही तापायला वेळ घेत आणि तापले की थांबत नसत. कँटीनमध्ये बिहारच्या नि उत्तर प्रदेशच्या पोरांना एकमेकांच्या कमरेला हात घालून आमचा नाच नाचायला त्यानेच शिकवले. पाड्यावरच्या कुठल्याही लग्नात, वरात थकली आहे असे वाटले की लोक बाबाला हुडकायचे.

आणि तारपा. भात पिकू लागले की आढ्याला टांगलेला तारपा खाली निघायचा. वाळवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. हे वाद्य वाजवणारा मध्ये उभा राहतो, नाचणारे त्याच्याभोवती फिरतात, आणि त्याने सूर बदलला की सगळे वर्तुळ उलटे वळते. सूर तुटला तर नाच तुटतो, म्हणून वाजवणारा श्वास घेण्यासाठी थांबत नाही. तो गालांत हवा साठवतो. नाकाने श्वास घेतो तेवढ्या वेळात गालांतली हवा ढकलून भोपळा भरलेला ठेवतो. मला हवेच्या दाबाची पहिली ओळख शाळेत झाली नाही, इथे झाली. मी नऊ वर्षांची असताना त्याने माझी दोन बोटे आपल्या फुगलेल्या गालांवर ठेवली होती आणि वाजवता वाजवता डोळे मिचकावले होते.

ताडीचीही नोंद करते, कारण पत्रात ती आहे. हंगामात, रविवारी सकाळी, एक पेला; पाहुणे असले तर दोन. बिडी त्याने ओढली नाही. "बिडीवाल्याचा सूर भाजतो," असे त्याचे म्हणणे होते.

२०२२ च्या पावसाळ्यात त्याला खोकला सुरू झाला, तो नवरात्रापर्यंत गेला नाही. तो कुठली पूड भरतो हे मला तोवर रेणूच्या आकृतीसकट माहीत झाले होते. म्हणून स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानातून मीटर आणले, आणि रोज सकाळी बसला निघण्यापूर्वी एक फुंकर, असा नियम केला.

आकडे उत्तम होते. ६१०, ६१५, ६०५, ६१०. महिना गेला, दोन गेले. मी आलेख काढला आणि भिंतीवर चिकटवला. रेघ जमिनीसारखी सपाट. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचा. "हा माझा छाती. पोरीने काढलाय. येक पन खड्डा नाय, आपल्या रस्त्यासारखा नाय."

वर्षभराने, नदीकडून पाड्यावर चढताना, तो थांबायला लागला. थांबल्याचे कबूल करत नसे. "ते झाड बघ, कसा वाकला," म्हणायचा. पुढच्या वळणावर दुसरे झाड. मी विचारले, "बाबा, दम लागतोय का?" तो म्हणाला, "तुझा आलेख काय बोलतो?" मी म्हणाले, "आलेख ठीक आहे." तो म्हणाला, "मंग झालं तर."

माझी चूक इथे आहे. सर्दी असो, जागरण असो, ओळीने सहा शिफ्ट असोत, आकडा सहाशेच्या खाली येत नव्हता. प्रयोगशाळेत एखाद्या उपकरणाने इतके स्थिर आकडे दिले असते, तर मी आधी उपकरणावर संशय घेतला असता. जिवंत शरीर इतके स्थिर कधीच नसते. पण आकडे मला हवे तसे होते, म्हणून मी ते तपासले नाहीत.

कारखान्यातही तेच चालले होते. दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास बाहेरून डॉक्टरांचे पथक यायचे, कँटीनमध्ये टेबले लागायची, वजन, रक्तदाब, डोळे, आणि शेवटी अशाच नळीत फुंकर. बाबाचा आकडा सगळ्यांत मोठा यायचा. ज्यांचे आकडे कमी येत, त्यांना ड्रायरवरून काढत. आणि कंत्राटी माणसाला ड्रायरवरून काढणे म्हणजे पुढच्या महिन्यात गेटवरून परत पाठवणे. त्यामुळे बाबाच्या शिफ्टची पोरे तपासणीच्या आदल्या दिवशी त्याच्याभोवती जमायची. त्याने मला हे सगळे हसत, अभिनयासकट सांगितले होते.

"मी बोललो, देखो, पेट का हवा पेट में रखने का. गाल का हवा मारने का. गाल फुगाव, आँख बाहर, फिर थूकने का जैसा फट् करके छोडने का. हवा छोडने का, थूक नाय."

"आणि?"

"आनी काय! नऊच्या नऊ पास. डॉक्टर बोलला, या कारखान्याचा पानी लय चांगला हाय."

मीही हसले होते. हे मी लपवत नाही. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, आलेख भिंतीवर लावणारी, आणि बाप समोर उभा राहून चुकीची पूर्ण कृती सांगत असताना मी पोट धरून हसले.

उलगडा झाला तो ३ मार्च २०२४ ला, रविवारी दुपारी, पाड्यावर. मी वहीतले आकडे कॉम्प्युटरवर चढवत होते आणि मीटरचे नाव नीट लिहावे म्हणून त्याचा खोका उघडला. तळाशी सूचनांचा कागद होता, त्याची घडीही मोडलेली नव्हती. प्रत्येक नवे उपकरण हातात आले की आधी त्याची पुस्तिका वाचायची, हा नियम मी ज्युनियर मुलींना शिकवत असे. कागदावर बारीक अक्षरांत पाचवी सूचना होती: फुंकर छातीतून मारावी, गाल फुगवून मारल्यास आकडा खोटा मोठा येतो.

गालांतली हवा पेलाभर, पण ती झटक्यात सुटली की क्षणभराचा वेग प्रचंड असतो, आणि मीटर फक्त तो क्षण पाहते. फुप्फुसे त्यात भाग घेत नाहीत. बाबाने फुंकायची कुठलीही गोष्ट आयुष्यभर एकाच पद्धतीने फुंकली होती: चूल, फुगा, तारपा, मीटर.

बाबा अंगणात भोपळ्याच्या देठाला भोक पाडत बसला होता. मी म्हणाले, "बाबा, एकदा फुंक. पण मी गाल धरणार."

"आता या वयात गाल धरतीस?"

मी त्याच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही तळव्यांनी त्याचे गाल आत दाबले. त्याने फुंकले. काटा हलला आणि थांबला. मी पुन्हा फुंकायला लावले. तिसऱ्यांदा. सर्वांत मोठा आकडा घ्यायचा असतो. सर्वांत मोठा २४० होता.

त्याने माझ्या हातातून मीटर घेतले, उलटेसुलटे केले. "मोडला काय?"

"नाही."

"मंग दीड वरीस काय फुकला मी?"

"गाल."

तो हसला. खरेच हसला, आईला हाक मारून सांगितले, "आयकलास काय, पोरीने दीड वरीस माझे गाल मोजले!" आणि मग हसणे मध्येच थांबले. मला वाटले त्याला स्वतःच्या छातीची भीती वाटली. पण तो म्हणाला, "त्या नऊ पोरांना मीच शिकवलाय."

त्या संध्याकाळी त्याच्या आजारावर आमचे बोलणे झालेच नाही. बोलणे झाले ते पोरांवर. मी हिशेब मांडत होते: आता खरा आकडा सांगितला तर ड्रायरवरून काढतील, बाबा कायम कामगार होता, त्याला कुठेतरी बसवतील, बाकीच्यांना नाही. नाही सांगितला तर पूड आत जातच राहील. आई म्हणाली, "तू तुझा सांग नि गप बस." बाबा म्हणाला, "मी माझा येकट्याचा सांगला तं डॉक्टर बाकीच्यांचा काय समजंल? बोलंल, बगा, नऊ जन झकास हायत, ह्याच म्हाताऱ्याच्या छातीत खोट."

दुसऱ्या दिवसापासून त्याने शिकवलेले परत घ्यायला सुरुवात केली. मी खोलीवर दोघा-दोघांना बोलावून मीटरवर फुंकायला लावले. गालांनी ६००, ५८०, ६२०. गाल दाबून ३१०, ४४०, २९०. आकडे पाहून पोरांचे चेहरे बदलायचे. त्यांतल्या एकाने, जो गावाहून नुकताच बायको-मुलांना घेऊन आला होता, मीटर खाली ठेवले आणि हात जोडले. "दादा, मैं तो गाल से ही मारूँगा. मेरा घर कैसे चलेगा?"

बाबा म्हणाला, "मार. मैं नहीं बोलेगा. पर तेरे को तेरा असली नंबर मालूम होना मंगता है. वो लेके जा."

त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अभ्यासाच्या पुस्तकांत मी जे काही वाचले, त्यापेक्षा ते नेमके होते. आकडा आधी ज्याच्या छातीतला आहे त्याचा असतो.

त्या वर्षीच्या तपासणीत बाबा रांगेत पहिला उभा राहिला. त्याने नळी तोंडात धरली, आपले दोन्ही तळवे आपल्याच गालांवर दाबले आणि फुंकले. २३०. तरुण डॉक्टरने मागची पाने उलटली. "गेल्या वर्षी सहाशे होते."

"ते माझ्या गालांचे होते, सायेब. छातीचा हा."

"गंमत करताय का?"

"गंमत चार वर्सं केली. आज नाय."

नऊपैकी पाच जण त्याच्यामागे गाल दाबून फुंकून गेले. चार जण गेले नाहीत, आणि त्यांच्याबद्दल मला एक शब्दही वाईट लिहायचा नाही. पाच जणांपैकी तिघांना दुसऱ्या खात्यात घेतले, दोघांना दोन महिन्यांनी पुन्हा बोलावले नाही. ते दोघे बाबाकडे तक्रार घेऊन आले नाहीत. पण बाबा त्यांच्या खोलीवर गेला, आणि दोघांना वाणगावकडच्या एका वीटभट्टीच्या ओळखीतून ट्रकवर काम मिळेपर्यंत दर रविवारी जात राहिला. ड्रायरभोवती पत्र्याचा आडोसा नि पूड ओढून घेणारा पंखा बसला, तो त्याच हिवाळ्यात. कारखान्याने त्याचे कारण दिले नाही. ते मी गृहीतही धरत नाही. फक्त क्रम नोंदवते.

बाबाला स्टोअरमध्ये बसवले. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नळ्या घातल्या, आणि फुप्फुसाची जाळी आवळत चालली आहे, ती सुटणार नाही, असे सांगितले. मी विचारले, "तारपा वाजवला तर?" डॉक्टर म्हणाले, "दम लागला की थांबायचं. त्याने आजार वाढत नाही." बाबाने मला कोपर मारले. "लिवून घे. तुज्या आयसला दाखवायला."

त्या हंगामात तो वाजवायला उभा राहिला. पूर्वी तो दोन-अडीच तास उभा राहायचा. आता चौदा मिनिटे, मग बसणे, मग नऊ मिनिटे. नाचणाऱ्यांनी कुरकूर केली नाही, पण टोमणे मारले, कारण टोमणे मारले नसते तर त्याला वाईट वाटले असते. "काय रं, पेट्रोल संपला काय?" "नाय, शिफ्ट संपली!" मी वर्तुळात होते. आमच्यात वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नसते. त्या दिवशी मला करावीशी वाटत होती.

१९ जानेवारी २०२५ ला तो गेला. एकावन्नाव्या वर्षी.

दिवसकार्याला जमलेल्यांत माझा काका, बाबाचा धाकटा भाऊ, भाताची पेज पीत बसला होता. तो सहज म्हणाला, "फुकना सोडला असता तं अजून धा वर्सं काढली असती." आसपासच्या चार जणांनी माना हलवल्या. मला कारखान्याच्या पत्राहून हे जास्त लागले. पत्र लिहिणारे बाबाला ओळखत नव्हते.

"काका, तुला कोणी सांगितलं?"

"सगले बोलतात."

"सगळे म्हणजे कोण? डॉक्टर बोलले?"

"तू शिकलीस म्हंजे काय..."

"शिकले म्हणूनच विचारते. बावीस वर्षं पिवळी पूड गिळली ती दिसली नाही, आणि वर्षातले दोन महिने वाजवलेला भोपळा तेवढा दिसला?"

आई मध्ये पडली, मला आत नेले. आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "पन वाजवतच गेला ना ग." म्हणजे तीही. त्या क्षणी मी ठरवले की हे असेच पडू द्यायचे नाही. बाबाच्या आयुष्यात कष्ट भरपूर होते, त्यांचे कौतुक सगळे करत होते. पण जो आनंद त्याने स्वतः निवडला होता, त्याच्यावरच खुनाचा आळ येत होता. कामाला निर्दोष सोडायचे आणि मौजेला फाशी द्यायची, ही वाटणी मला मान्य नव्हती.

पत्र त्यानंतर आले. मी त्याला रागाने उत्तर लिहिले, फाडले, आणि प्रश्न नीट मांडला. तारपा वाजवल्याने फुप्फुसे जात असतील, तर जे फक्त तारपा वाजवतात आणि ड्रायरवर कधी गेले नाहीत, त्यांचीही गेलेली असली पाहिजेत. असे लोक आमच्या आसपासच राहतात. त्यांना कोणी विचारले नव्हते.

अटी मी आधी लिहून ठेवल्या, नंतर बदलता येऊ नयेत म्हणून. वय पन्नासच्या वर. तारपा वाजवण्याचे किमान वीस हंगाम. कुठल्याही कारखान्यात काम नाही. बिडी, चूल, ताडी यांची वेगळी नोंद. प्रत्येकाच्या तीन फुंकरी, गाल दाबून, सर्वांत मोठा आकडा. मासवण, त्याच्या वरचे पाडे, मग वाणगावच्या पलीकडचे. मी आता बोईसरला एका प्रयोगशाळेत नोकरी करते. रविवार मोकळे होते.

काम सोपे नव्हते. अनोळखी म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन त्याचे गाल धरणारी मुलगी कुणी पाहिली नव्हती. एका घरी बाईंनी मला हात धरून बाजूला केले आणि स्वतः नवऱ्याचे गाल दाबले. त्यांनी इतके जोरात दाबले की तो ओरडला, आणि सगळे अंगण हसले. एकाने आधी हिशेब विचारला: "हा मशीन किती फुकला म्हंजे सरकार काय देतंय?" काही देत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मंग ठीक हाय. देनारे लय फुकायला लावतात." एकाने नकार दिला. श्वास मोजला की कमी होतो, असे त्याला वाटत होते. मी त्याला समजावले नाही. त्याच्या नावासमोर रेघ मारली आणि नकार म्हणून नोंदवले.

आकडे आले ते असे: ४२०, ३९०, ४५५, ३८०, ४४०, ४०५. एक २५० आला. तो माणूस दिवसाला दोन बंडल बिड्या ओढत होता. त्याला वगळले असते तर तक्ता देखणा दिसला असता. मी वगळला नाही. देखण्या तक्त्याचा अनुभव मी घेतलेला आहे.

आठ माणसे म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला पत्र लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त कळते. वय वेगळे, उंची वेगळी, तुलनेला दुसरा गट नाही, मोजणारी तर मुलगीच. कुठल्याही परीक्षकाने हा तक्ता परत पाठवला असता, आणि मीही पाठवला असता. पण "शक्यता आहे" असे लिहिण्यापूर्वी कारखान्याने किती तारपावाल्यांची तपासणी केली होती? एकाचीही नाही. त्यांच्या शून्यासमोर माझे सात आकडे आणि एक नकार. एवढ्या भांडवलावर मी भांडायला तयार आहे. छातीच्या डॉक्टरांचा अभिप्राय, खोट्या आणि खऱ्या आकड्यांचे दोन रकाने, त्या पाच जणांपैकी चौघांच्या सह्या, आणि हा तक्ता, असे सगळे जोडून दुसरा अर्ज तयार केला. मी वहीतले खोटे आकडेही जोडले आहेत, सगळेच्या सगळे. माझी चूक त्यांच्या हाती गेल्यावर ते ती वापरतील. वापरू देत.

तक्त्यात शेवटची एक जागा रिकामी ठेवली होती. ती ज्याच्यासाठी होती, तो वाणगावच्या पलीकडे आपल्या मुलीच्या पाड्यावर राहायला गेला होता. बाबाला पोरवयात तारपा शिकवणारा माणूस. त्याच्या कार्डावर वय बहात्तर आहे. तो स्वतः "असंल" म्हणतो. मी गेले तेव्हा तो ओट्यावर दोरी वळत होता, आणि त्याची बायको सुपात वाल पाखडत होती. मी कुणाची मुलगी ते सांगितले. त्याने दोरी बाजूला ठेवली.

"त्याचा सूर लांब जायचा," तो म्हणाला. मग मीटरकडे पाहून, "हा कशाला?"

"बाबासाठी. कारखान्याने लिहिलंय की तो तारपा वाजवून गेला."

"कुनी लिवला?"

"ऑफिसातल्या साहेबांनी."

"तो वाजवतो काय?"

"नाही."

"मंग त्याला काय ठावा?" त्याने हात पुढे केला. "आन तो. कसा फुकायचा, सांग."

मी सांगितले. छाती भरायची, एकच फुंकर, आणि गाल मी दाबणार. बायको सूप खाली ठेवून म्हणाली, "दाब पोरी, दाब. लगनाच्या दिशी पन मला धरून दिले नवते ते गाल." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू धरले असतेस तं आज वाजवायला उरलो नसतो."

पहिल्या फुंकरीला ३२०. त्याने विचारले, "तुज्या बापाचा किती होता?"

"दोनशे तीस. शेवटी त्याहून कमी."

त्याने पुन्हा छाती भरली. दुसऱ्या फुंकरीला ३३५.

"दोन झाले. अजून एक राहिली," मी म्हणाले.

"मोजू नको. धर."

त्याने पाय जमिनीवर रोवले, वाजवायला उभा राहतो तशी मान किंचित खाली घेतली, आणि माझ्या तळव्यांखाली त्याचे गाल अजिबात हलले नाहीत. काटा थांबल्यावर मी मीटर उजेडात धरून दोनदा वाचले, आणि ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटे, असे लिहून त्यापुढे आकडा लिहिला: ३५०.